फिरंगी हवा, पाहुणा चालेल

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या खासगी शाळेत सात-आठ वर्षे इंग्रजी शिकवून झाल्यावर, आणि पगारपत्रकावर सही करायचा आकडा निराळा व हातात पडणारा आकडा निराळा हे गणित अंगवळणी पडल्यावर, हेच इंग्रजी थायलंडला जाऊन का शिकवू नये असा विचार तुमच्या मनात आला असेल, तर प्रथम अभिनंदन. परदेशाचे भय बाळगण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. इतरांना राज्य बदलायचे तर बिऱ्हाड हलवावे लागते. आपल्या आजोबांनी 1 नोव्हेंबर 1956 रोजी अंथरुणातून न उठता मुंबई राज्य सोडले आणि म्हैसूर राज्यात प्रवेश केला. वाचता न येणाऱ्या पाटीखाली संसार थाटणे, न समजलेल्या अर्जावर सही ठोकणे आणि कारकुनाच्या चेहऱ्यावरून नियम ओळखणे या तीन विद्या ज्याच्या घरात तीन पिढ्या नांदत आहेत, त्याला नोंग खाय काय अवघड? मेकाँग नदीच्या काठावरच्या या थाई गावात, जिथून पलीकडच्या तीरावर लाओस दिसतो, मी दोन वर्षे काढली आहेत. तेव्हा पुढील सूचना निःशंकपणे पाळाव्यात.

कागदपत्रांची काळजी करू नये, कारण ती चुकलेलीच असतात. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बेलगाम’ होते आणि पासपोर्टवर ‘बेळगावी’, कारण 2014 च्या 1 नोव्हेंबरला गावाचे सरकारी नाव बदलले आणि दाखला मात्र त्याआधीचा होता. शाळेच्या समन्वयक बाईंनी दोन्ही नावांभोवती पेन्सिलीने गोल काढून, या दोन गावांमध्ये अंतर किती, असे अत्यंत नम्रपणे विचारले. हे गाव कोणत्या राज्यात असावे याचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ते गाव एकच आहे हे मात्र आमच्या नोटरीने मुद्रांकावर एका दुपारीत ठरवून दिले. जन्मसालाच्या रकान्यात गोंधळू नये. तिथे बुद्धसंवत चालतो आणि तो इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे असतो, त्यामुळे 1990 साली जन्मलेला माणूस अर्जावर 2533 साली जन्मतो. वयोमर्यादेच्या जाहिराती पाहून खचलेल्या उमेदवाराला यातून मिळणारा दिलासा थोडा थोडका नाही.

नोकरीच्या जाहिरातीत ‘मातृभाषा इंग्रजी असलेलेच हवेत’ असे लिहिलेले असेल. ते वाचून खुशाल अर्ज करावा. थाई भाषेत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात, म्हणजे आपला फिरंगीच, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसाला ‘खेक’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ पाहुणा. शाळेला हवा असतो फिरंगी, परवडतो पाहुणा. मग पाहुण्याला इंग्रजी येते याचा पुरावा म्हणून टोइक परीक्षेत 990 पैकी 600 गुण आणायला सांगतात. त्याच वर्गात शेजारच्या तासाला शिकवणाऱ्या फिरंग्याला आपल्याच भाषेत दोन ओळी लिहिताना चार चुका होत असल्या, तरी त्याच्याकडे कोणी गुण मागत नाही. आणि तुम्हीही मागू नयेत, कारण त्याचा पगार तुमच्याहून अधिक असतो व महिनाअखेरीस उसने त्याच्याकडेच मिळतात. आमच्या शाळेत फिलिपाइन्सच्या तीन शिक्षिका होत्या. काम सर्वांत जास्त त्या करीत आणि शाळेच्या माहितीपत्रकावर छायाचित्र फिरंग्याचे छापले जाई. ‘खेक’ या शब्दाचा राग मात्र धरू नये. आपल्याकडे चंदगडपासून कागवाडपर्यंत अनोळखी माणसाला ‘काय पाव्हणं’ असेच हाकारतात, आणि त्या हाकेत जेवायचे आमंत्रण असतेच असे नाही.

आता मुख्य प्रश्न घराचा. शाळा ‘राहण्याची सोय पाहू’ असे पत्रात लिहिते, त्याचा अर्थ एक सहकारी तुम्हाला शनिवारी दुपारी स्कूटरवर मागे बसवून खोल्या दाखवते इतकाच. तुम्ही बेळगावात खोलीसाठी टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, शहापूर असा परिपाठ पायी पुरा केलेला असल्यास स्कूटर हे सुखच वाटेल. तिथल्या इमारतीला ‘अपार्टमेंट’ म्हणतात आणि आत एकेक खोली असते: एक पलंग, एक कपाट, आंघोळ आणि संडास एकाच ओल्या फरशीवर, आणि स्वयंपाकघर म्हणून मागची हातभर रुंद गॅलरी, जिथे गॅसची शेगडी, कपडे वाळवण्याची दोरी आणि एसीचे गरम हवा फेकणारे यंत्र हे तिघे एकमेकांचा संसार सांभाळतात. पुढच्या अंगणात खांबावर एक छोटे देऊळ असते. ते ‘फ्र फूम’चे, म्हणजे आपल्या भूमीचे, जागेच्या राखणदाराचे. आमच्या इमारतीतल्या देवापुढे रोज लाल सरबताची बाटली ठेवलेली असे आणि तिच्यात न विसरता स्ट्रॉ खोचलेला असे. मी पहिल्या दिवशी पायताण काढून त्याला हात जोडले. घरमालकीण बाईंनी ते पाहिले आणि भाडे काही कमी केले नाही.

अनामत रक्कम म्हणून दोन महिन्यांचे भाडे आणि वर पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, असे तिथे साधारणपणे घेतात. बेळगावात ‘अ‍ॅडव्हान्स’ या एका शब्दात जितके महिने मावतात ते पाहता ही रक्कम ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल; ते पुसून लगेच पैसे द्यावेत. खोलीत शिरल्यावर विजेच्या मीटरचा आकडा लिहून ठेवू नये, भिंतीवरच्या जुन्या डागांचे आणि तुटलेल्या कडीचे फोटोही काढू नयेत. त्याने मालकिणीचा अपमान होतो, शिवाय अनामत परत मिळण्याचा धोका निर्माण होतो. माझ्या खोलीत विजेच्या एका युनिटला आठ बात, म्हणजे तिथले रुपये, पडत आणि सरकारी दर त्याच्या जवळजवळ निम्मा होता, हे मला सातव्या महिन्यात कळले. तोपर्यंत मी एसी लावून गाढ झोपलो, हा अज्ञानाचा फायदा कोणी नाकारू शकणार नाही. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचे, असा थायलंडमध्ये कायदा आहे. तो वाचून दडपून जाऊ नये. आपल्या गल्लीत नवा भाडेकरू काय खातो, कधी येतो आणि त्याच्याकडे कोण येते हे कसलाही कायदा नसताना चोवीस मिनिटांत सर्वांना कळवले जाते. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता तुम्ही इमिग्रेशनला कळवायचा, तेवढे मात्र विसरू नये. विसरल्यास दंड भरावा आणि त्या निमित्ताने गाव पाहून घ्यावे.

मालकीण बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: खोलीत कढी-भाजी करणार का? मला घर आठवले. आमच्याकडे हा प्रश्न ‘तुम्ही काय खाता हो?’ अशा शब्दांत, चपला दाराबाहेर असतानाच विचारतात आणि उत्तरापेक्षा आडनावाकडे कान लावून बसतात. बाईंना मांसाचे वावडे नव्हते. त्यांना भीती होती ती फोडणीची. मोहरी तडतडली आणि वर हिंग पडला की चार मजले शिंकतात, असे त्यांनी हातवारे करून दाखविले, आणि हे दाखविताना त्यांच्या पायाशी ‘पला रा’ची, म्हणजे महिनोन्महिने आंबवलेल्या माशांची बरणी झाकण अर्धवट सरकवून ठेवलेली होती. मी श्वास रोखून धरून, फोडणी देणार नाही, असे वचन दिले. दोन वर्षांत ते शुक्रवार सोडून पाळले.

तिथली भाषा शिकण्याचा अट्टहास करू नये. साठ-सत्तर वर्षे कर्नाटकात काढूनही ‘कन्नड गोत्तिल्ला’ एवढे एकच कन्नड वाक्य शुद्ध बोलणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांचा आदर्श ठेवावा. आणि शिकायची तरी कोणती भाषा? नोंग खायची मुले घरी इसान बोलतात, जी नदीपलीकडच्या लाओ भाषेची सख्खी बहीण आहे, आणि शाळेत त्यांना बँकॉकची थाई बोलावी लागते. सातवीच्या वर्गात एका मुलाने मला ‘नाही’ म्हणताना थाईतल्या ‘माय’ऐवजी घरचे ‘बो’ म्हटले आणि सगळा वर्ग हसला. त्याचे कान लाल झाले. खानापूरच्या हायस्कुलात तालुक्याच्या ठिकाणी प्रथमच आलेल्या, ‘व्हय’ म्हणून बसलेल्या एका मुलाचे कान मला आठवले. ते माझेच होते. अशा वेळी शिक्षकाने गहिवरू नये. मी गंभीर आवाजात ‘इंग्लिश, प्लीज’ म्हटले आणि मुलाने मान खाली घातली.

वर्गाविषयी फार सांगण्यासारखे नाही. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत होते, मग पंचेचाळीस मुले एका सुरात ‘गुड मॉर्निंग टीचर’ म्हणतात आणि तुम्ही काही विचारण्याआधीच आपण मजेत असल्याचे कळवतात. शब्दाच्या शेवटी ‘ल’ आला की त्याचा ‘न’ होतो, त्यामुळे फुटबॉलचा फुटबॉन होतो; वर्ष संपेपर्यंत तुम्हीही तसेच म्हणू लागाल, आणि तेव्हाच समन्वयक बाई तुमचे उच्चार सुधारत असल्याचे सांगतील. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, जो आपला गुरूच, आणि प्राध्यापकाला ‘आजान’, जो आपला आचार्य. जूनमधल्या एका गुरुवारी, जो तिथेही बृहस्पतीचाच वार आहे, मुले गुडघ्यांवर सरकत येऊन शिक्षकांना फुले वाहतात. त्या दिवशी डोळे भरून येण्याची शक्यता असते. भरू द्यावेत, पण व्हिसाची तारीख त्याच आठवड्यात पाहावी. माझी संपत आली होती, आणि मला मेकाँगवरच्या मैत्रीपुलावरून पलीकडे व्हिएंतियानला, म्हणजे लाओसच्या राजधानीत, कागदांची थप्पी मांडीवर घेऊन, नव्या व्हिसासाठी पाठविण्यात आले होते. हा पूल 1994 साली झाला. थायलंडमध्ये वाहने डावीकडून चालतात आणि लाओसमध्ये उजवीकडून, त्यामुळे वाटेत गाड्यांना बाजू बदलावी लागते. बसमधला एकही माणूस त्यामुळे अस्वस्थ झाला नाही, धरणे नाही, मोर्चा नाही. मला मात्र उगीचच चुकल्याचुकल्यासारखे झाले.

साठवलेल्या बातांतून गावी परतल्यावर घरावर एक मजला चढवावा. मी चढविला आहे. खोलीला मी मुद्दाम स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र मीटर ठेवला आहे, युनिटचा दर काय लावायचा याचे शिक्षण माझे झालेलेच आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचाच करावा, कारण वर्षावरच्या कराराची नोंदणी सक्तीची असते आणि अकरा महिन्यांत माणूस कळतो.

गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी मिझोरमचा एक तरुण पाटी पाहून जिन्याशी आला. जवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला नुकताच लागला होता. कन्नड नाही, मराठी नाही, हिंदी बेताची. इंग्रजी माझ्याहून स्वच्छ. त्याने बूट दाराबाहेर काढले, अंगणातल्या तुळशीकडे पाहून थोडा संकोचला आणि मग तिलाही हात जोडले. मी त्याला काय खातोस ते विचारले. डुकराचे मांस, असे तो प्रामाणिकपणे म्हणाला, पण खोलीत शिजवणार नाही असे लगेच पुढे म्हणाला. आतून सौभाग्यवतींनी भांडे जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

अशा प्रसंगासाठी एक वाक्य तयार ठेवावे, ते बोलताना चेहऱ्यावर खंत असावी आणि इंग्रजी शुद्ध असावे. मी त्याला सांगितले की फार वाईट वाटते, परंतु वरची खोली आम्ही पाहुण्यांसाठी ठेवली आहे.