काळ्या वायरीकडे बघतंय कोण

जून-जुलैची बंदी उठली, होडीवरची ताडपत्री काढली आणि बाबा म्हणाले, लाईटी बघून घे रे जरा. त्या ‘जरा’त माझे चार दिवस गेले.

होडी म्हणजे मालवणातली साधी 22 फुटी फायबरची, मागे आऊटबोर्ड इंजिन, 12 व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्या जिवावर डावीकडचा लाल लाईट, उजवीकडचा हिरवा, मागचा पांढरा, हॉर्न, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर नि तळातलं पाणी उपसायचा पंप, एवढाच संसार. पण दुखणं असं की लाईट लागायचे, पंप चालू केला की तेच लाईट देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखे मंद व्हायचे, पंप नुसता हुं हुं करायचा आणि हॉर्न दाबला की फिशफाइंडर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

किनाऱ्यावर तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचा अवकाश, पाच मिनिटांत पाच तज्ज्ञ जमतात. शेजारचे काका लांबूनच म्हणाले, "मेल्या, बॅटरी गेली असतली." आणली नवीन. फरक शून्य. मग पंप नवीन, मग फ्यूज, मग स्विच, म्हणजे बॅटरीच्या प्लसकडून येणाऱ्या लाल वायरीवर जे जे म्हणून होतं ते सगळं बदललं आणि पंप आपला हुं हुं.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनला आणला. माणूस हुशार, रिक्षाचं वायरिंग झोपेत करेल, पण आल्या आल्या टेस्ट लॅम्पचा चिमटा हातात घेऊन लोखंड शोधायला लागला. "हेची अर्थिंग खंय आसा?" आता गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीलाच जोडलेला, म्हणजे बॉडीच अर्थ, कुठेही चिमटा लावा, पण फायबरच्या होडीत लावणार कुठे, नांगराला? तर लावला हो त्याने, नांगराला!

चौथ्या दिवशी मीटर घेऊन एकटाच बसलो (पहाटे, तज्ज्ञ उठायच्या आत). पंपाच्या वायरी सोडवून मोजलं तर 12.6 व्होल्ट, एकदम ठणठणीत. पंप जोडून मोजलं तर 7. मीटरला करंट लागतोच कितीसा, केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो खुशाल 12.6 दाखवतो, खरं काय ते पंपाला विचारायचं. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं पंपाच्या काळ्या वायरीला आणि पंप चालू. जिथे जवळपास शून्य यायला हवं तिथे चक्क 5 व्होल्ट! म्हणजे घोळ मायनसकडे परत जाणाऱ्या काळ्या वायरीत, जिच्याकडे चार दिवस कोणी ढुंकून बघितलं नव्हतं.

सगळ्या काळ्या वायरी बसायच्या फळीखाली एका पट्टीवर येतात आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीला जाते. वरून काळीभोर, नवीकोरी. ब्लेडने सोलली तर आत हिरवी पूड, बोटांत घेतल्यावर भुगा झाला, धड अशा तारा उरल्या होत्या दोन. खारं पाणी टोकातून शिरून आतल्या आत हातभर चढलं होतं.

तो तुकडा घरी आणून आईला दाखवला. तिने उजेडात धरून बघितला नि म्हणाली, "कळंक आहे हा, पितळेच्या पातेल्यात ताक ठेवल्यासारखा. कल्हई करून घ्यायची ना." मी जाम हसलो, म्हटलं आई, वायरीला कोणी कल्हई करतं का.

दुपारी दुकानात गेलो, बोटीसाठीची खास वायर मागितली. दुकानदाराने टोक सोलून दाखवलं, तार तांब्याची पण दिसायला चांदीसारखी पांढरी. म्हटलं हे काय, तर म्हणाला कथलाचा हात दिलेला असतो, म्हणून साध्या वायरीपेक्षा महाग.

आईला हे अजून सांगितलेलं नाही.