झांज डोक्यावर नव्हे, पायाशी पडली होती

शिस्तीचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. सोळा वर्षांचा चार्ली पार्कर सॅक्सोफोनवर चुकला, ड्रमर जो जोन्सने त्याच्या डोक्यावर झांज भिरकावली, मुंडकं थोडक्यात वाचलं आणि त्या अपमानातून आधुनिक जॅझचा बादशहा घडला. सबब मुलांना गोंजारू नका. पुरावा काय, तर ‘व्हिपलॅश’ हा २०१४चा सिनेमा, अँड्र्यू हा तरुण ड्रमर आणि त्याच्यावर खुर्ची फेकणारे त्याचे फ्लेचर मास्तर यांचा!

आधी झांजेचं बघू. प्रसंग कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबातला, १९३६च्या सुमाराचा. जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या उत्स्फूर्त बैठकीत, पोरगा वाजवता वाजवता भरकटला, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) एकीकडे आणि तो भलतीकडे. जोन्सने झांज काढली आणि त्याच्या पायाशी फेकली. बेसवादक जीन रेमीने सांगितलेली हकीकत ही अशी आहे. खणखणाट झाला, लोक हसले. ‘आता उतर’ एवढाच त्याचा अर्थ. ती झांज डोक्यापर्यंत नेली सिनेमातल्या फ्लेचर मास्तरांनी, स्वतःच्या खुर्ची फेकण्याला आधार म्हणून.

‘पण अपमान तर झालाच ना?’ झाला की. पण अपमानाने कॉर्ड कळत नाहीत. १९३७च्या उन्हाळ्यात पार्कर जॉर्ज ली यांच्या बँडबरोबर ओझार्कच्या डोंगरात वाजवायला गेला. तिथे बँडमधल्या पियानो आणि गिटारवाल्यांनी त्याला कॉर्डची बांधणी समजावली. कोणी खुर्ची फेकली नाही. बँडप्रमुख काउंट बेसीच्या मंडळींच्या रेकॉर्डी लावून त्यातल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो (एकट्याने वाजवलेले भाग) त्याने सुरासुराने घोटले. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डींवर ड्रम वाजवतोय कोण? जो जोन्सच! म्हणजे पार्करने जोन्सकडून काही घेतलंच असेल, तर ते कान देऊन.

स्वतः पार्करला १९५४मध्ये रेडिओवर सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडने विचारलं, तेव्हा त्याने झांजेची नाही, रियाजाची गोष्ट सांगितली: तीन-चार वर्षं, रोज ११ ते १५ तास. शेजारी इतके वैतागले की आईला घर सोडायला सांगण्यापर्यंत पाळी आली होती.

राहिलं ते सिनेमातलं रक्त. अँड्र्यू फुटलेला हात बर्फाच्या पाण्यात बुडवतो, ते दृश्य जबरदस्त आहे, वाद नाही. पण असे हात फुटत असतील तर आधी काठी धरण्याची पद्धत तपासायला हवी. आणि ड्रमरचं खरं काम वेगाचं नाही, बेसवाल्याला ऐकत लय धरून ठेवण्याचं. ते पडद्यावर दिसत नाही. सिनेमाला घाम लागतो.

शेवटचा मुद्दा सिनेमाचाच. फ्लेचर वर्गात डोळे पुसत सांगतो की शॉन केसी हा त्याचा जुना विद्यार्थी मोटार अपघातात गेला. पुढे कळतं, शॉनने गळफास घेतला होता, आणि फ्लेचरकडे शिकायला लागल्यापासून त्याला नैराश्याने ग्रासलं होतं. फॉरवर्डमध्ये शॉनचं नाव कुठेच नसतं.