लाइव्ह पेंटिंग म्हणे!

गणेशोत्सव असो, दिवाळी पहाट असो की सोसायटीचा वर्धापनदिन, हल्ली सगळ्यांना स्टेजच्या कोपऱ्यात एक चित्रकार हवा असतो. कोपराच बरं का. तोही स्पीकरच्या भिंतीला खेटून, म्हणजे ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला बोर्ड थरथरणार. वर फिरते रंगीत दिवे. लाल उजेडात लाल आणि पांढरा सारखेच दिसतात, हे त्या लाइटवाल्याला कोण समजावणार?

त्यात जलरंग असले तर विचारूच नका. ओल्या कागदावर रंग सोडला की थोडं थांबावंच लागतं, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत तर तो लवकर वाळतही नाही. पण आपण जरा ब्रश खाली ठेवला की संयोजक धावत येतात. "सर, थांबू नका ना, लोक बघतायत!" मागून एक काका, "डोळे जरा बारीक झालेत हो." अहो काका, ते अजून डोळे नाहीतच, सावलीचे डाग आहेत!

शेवटी ते ओलं चित्र प्रमुख पाहुण्यांना भेट. फोटोसाठी पाहुण्यांचा अंगठा नेमका गालावर!

मानधन? तबलजीला पाकीट, मांडववाल्याला ॲडव्हान्स, आम्हाला शाल-श्रीफळ. वर "तुमची प्रसिद्धी होतेय की!" तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा कागद काय किमतीला येतो, कुणी विचारलंय कधी? दुकानदार शाल घेऊन कागद देत नाही हो.

आजच एक नवीन फोन आला. "सर, दहा मिनिटांत होईल असं शिवाजी महाराजांचं काहीतरी काढा. घोड्यासकट."