गुण आला म्हणजे पुरावा झाला का?

परवा वावरातून घरी आलो, तर वहिनीनं डिप्रेशनच्या गोळ्यांची स्ट्रिप माझ्यापुढं ठेवली. अकरा दिवसांपासून एकही गोळी घेतली नव्हती. "भाऊजी, मोबाइलवर आलं हाय ना, ह्या गोळ्यांनी डोकं सुन्न होते म्हणून. मले तं आता बरं वाटते." गावच्या ग्रुपवरची ती पोस्ट मीही पाहिली होती आणि सोडून दिली होती. आता सोडत नाही.

पोस्ट म्हणते, डिप्रेशन कोणत्याच मशीनीत दिसत नाही, म्हणून तो आजारच नाही. समुपदेशन म्हणजे गप्पा, त्या पारावर फुकट होतात. अभ्यास सगळे परदेशातले. आणि शेवटी, एकानं गोळ्या फेकल्या, महिनाभर काढा घेतला, ठणठणीत झाला. अनुभवापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मशीनीचं म्हणाल, तर अर्धशिशीही एक्स-रेत दिसत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. डिप्रेशन मोजायचं तर माणसालाच विचारावं लागतं. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. म्हणजे अनुभवच. पण तो सगळ्यांना एकाच पद्धतीनं विचारलेला.

पारावरच्या गप्पांचं लांबवत नाही. पारावर कापसाचा भाव निघतो, रात्रभर डोळा लागला नाही हे कोणी काढत नाही. वहिनीला समुपदेशक ताईंनी वही दिली होती. रोजचं एक काम आणि ते केल्यावर मन कसं होतं, एवढंच लिहायचं. पहिल्या पानावर सातपैकी पाच दिवस कोरे आहेत. तिसऱ्या पानावर एकच.

आता तो काढा. मला राग आहे तो याच मुद्द्याचा. गोव्यात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या 495 रुग्णांवर चाचणी झाली, 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कोणाला समुपदेशन मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली तिथलीच माणसं होती. सहा ते आठ बैठका, काम वहिनीच्या वहीसारखंच. तीन महिन्यांनी तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातलं हे माहीत नव्हतं. समुपदेशन मिळालेल्यांत 64 टक्के आजारातून बाहेर आले. न मिळालेल्यांत, नेहमीच्या उपचारावर, 39 टक्के.

हा 39 चा आकडा नीट पाहा. समुपदेशनाशिवायही शंभरातले 39 सावरले. त्यांतल्या एखाद्यानं त्या तीन महिन्यांत काढा घेतला असता, तर त्यानंही शपथेवर काढ्याचंच नाव सांगितलं असतं. तो खोटं बोलत नाही. त्याला गुण आला हे खरंच आहे. कशानं आला, ते त्याच्या एकट्याच्या अनुभवावरून कळत नाही, शेजारी दुसरा गट लागतो.

आणि "फेकल्या" म्हणे! डिप्रेशनच्या गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर, मळमळ, झोपमोड, जिवाची घालमेल होऊ शकते. गेलेला आजारही परत येऊ शकतो. थांबवायच्या तर डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. वहिनीला चार दिवसांपासून चक्कर येत होती. ती म्हणाली, उन्हानं असेल.

राहिलं परदेशाचं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरातले चार जण मदत घेत होते, दीड वर्षानं 27. तुलनेला दुसरी गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. पण तिथं उत्तरं देणारी माणसं आपल्याच भागातली होती.

वहिनीला काल डॉक्टरांकडे नेऊन आणलं. गोळी पुन्हा सुरू आहे. पोस्ट वाचून ग्रुपमधल्या आणखी कोणी गोळ्या सोडल्या असतील, तर आजच आपल्या डॉक्टरांना सांगा. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.