चार फास्टनर आणि एक गुपित

मुंबईत रिव्हॉल्व्हर कायदेशीरपणे घरात आणता येतं. शेजाऱ्यांना न कळता ठेवता येत नाही.

आमचे अण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे आईला घेऊन साताऱ्याहून मुलुंडला आमच्याकडे राहायला आले. सोबत त्यांची काळी ट्रंक आली आणि ट्रंकेत, मफलरीखाली, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 चं रिव्हॉल्व्हर. 2016 च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे, की परवानेदार सत्तरीला पोचला की त्याचं हत्यार वारसाच्या नावावर होऊ शकतं. अण्णा सत्तरीला पोचले आणि नेमकी तीच सोय त्यांच्या वाचनात आली. लोकांना वडिलांकडून शेत मिळतं, गावचं घर मिळतं, त्यावरून भांडायला भाऊ मिळतात. मला सहा गोळ्यांचं हत्यार मिळालं, आणि ते सुरक्षित ठेवीन असं हमीपत्रही मीच सही करून दिलं. झुरळ दिसलं की मी बायकोला हाक मारतो, हे त्या अर्जात कुठेच विचारलेलं नव्हतं.

अण्णांच्या लेखी प्रश्न सोपा होता. "युनिटमध्ये कोत, म्हणजे हत्यारांची खोली असायची. बाहेर संत्री उभा. विषय संपला." आमच्या घरात संत्री उभा करायचा तर त्याला वॉशिंग मशीनवर चढवावं लागलं असतं. म्हणून मी आकड्यांच्या कुलपाची छोटी तिजोरी मागवली. वजन आठ किलो. एवढीशी तिजोरी नुसती कपाटात ठेवणं म्हणजे चोराला सामान पॅक करून देण्यासारखं. घरी नेऊन तो निवांत फोडेल. म्हणून तिच्या पाठीला आणि तळाला भोकं असतात. त्यांतून फास्टनर, म्हणजे भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट, ठोकून तिला भिंतीशी जखडायचं. सोबतच्या पत्रकात हे काम एका चित्रात उरकलंय. चित्रातला माणूस हसतोय. त्याला सोसायटी नसावी.

बेडरूमला चार भिंती असतात ही अफवा आहे. आमची पहिली भिंत म्हणजे खिडकी, एसी आणि उरलेल्या जागेत कॅलेंडर. दुसरीत कॉलम. तिथे ड्रिल टेकवायच्या आत सेक्रेटरी काका दारात हजर. मुंबईत इमारतीने तिशी ओलांडली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं. आमचं नुकतंच पार पडलेलं. "कॉलमला हात लावायचा नाही. आत सळ्या आहेत," काका म्हणाले. मीही आत आहे, पण माझी चौकशी कुणी केली नाही. तिसरी भिंत शेजाऱ्यांच्या आणि आमच्या मधली, साडेचार इंची विटांची. तिच्या पलीकडे वहिनींचा देव्हारा. फास्टनर जरा जोरात गेला असता तर बाळकृष्णाच्या पाठीत निघाला असता. राहिली चौथी, बाहेरची. नऊ इंची, भक्कम, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओली.

तिलाच गाठलं. दोन ते चार सोसायटीची वामकुक्षी, तेव्हा ड्रिल बंद. चारनंतर मिस्त्रीने कपाटाच्या मागच्या प्लायमधून भोक मारलं, तर आतून विटेचा लाल भुगा आणि घट्ट होण्याऐवजी गरगर फिरणारा फास्टनर. मग भोकात केमिकल भरून तो बसवायचा ठरला. केमिकल वाळेपर्यंत मिस्त्री चहा पीत माझ्याकडे बघत होता. "सेठ, इसमें रखेंगे क्या?"

"कागजात," मी म्हटलं.

मिस्त्रीकडून ते वॉचमनकडे गेलं, वॉचमनकडून लिफ्टमध्ये, आणि लिफ्टमधून सातही मजल्यांवर. ज्या इमारतीत रिडेव्हलपमेंटची कुजबुज चालू आहे, तिथे एखाद्याने कागदपत्रांसाठी भिंतीला तिजोरी ठोकली, तर लोकांनी काय समजावं? रात्री सेक्रेटरी काका पुन्हा आले, यावेळी खजिनदारांना घेऊन. "कुठला बिल्डर? कार्पेट एरिया किती वाढवून देतोय?" मी शपथा घेतल्या. खजिनदार म्हणाले, "आम्हालाही विश्वासात घ्या ना."

शेवटी बायकोने तोड काढली. "अहो काका, माझे दागिने आहेत." काकांचा चेहरा उजळला, पण दुसऱ्या सकाळी वहिनी रुमालात पाटल्या बांधून उभ्या. "आम्ही देवरुखला चाललोय गं. तुमच्याकडे तिजोरी आहे म्हणून निर्धास्त." नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. पाटल्या रिव्हॉल्व्हरच्या शेजारी गेल्या.

गोळ्या मात्र तिथे नाहीत. हत्यार एकीकडे, गोळ्या दुसरीकडे, हा अण्णांचा दंडक. त्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये असतात आणि लॉकरची किल्ली बायकोच्या जुडग्यात. म्हणजे रात्री चोर शिरलाच, तर आधी बायकोला उठवायचं, तिने "कशाला हवीय?" विचारायचं, मग तिजोरीची बटणं दाबायची. ती इतक्या जोरात पीं-पीं करतात की चोराला आपण कुठे आहोत ते नीट कळावं. चिरंजीव चौथीत आहेत. चार आकडी कुलपाचे 10,000 पर्याय होतात हे त्यांनी परस्पर काढलं. चुकीचे आकडे लागोपाठ दाबले की कुलूप काही वेळ रुसून बसतं, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं. कसं कळलं, ते अण्णांनी त्यांना बराच वेळ विचारलं. त्या रात्री आकडे बदलले. बॅटऱ्या संपल्या तर उघडायची एक किल्ली असते. ती तिजोरीत ठेवता येत नाही आणि बाहेर ठेवली तर तिच्यासाठी तिजोरी लागते.

चौथ्या भिंतीने आपला गुण पहिल्याच पावसात दाखवला. चामड्याचं म्यान ओल धरतं, म्हणून अण्णांनी ते काढून टाकलं. तेलाचा हात आठवड्याला, आणि बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करायचं खातं चिरंजीवांकडे. खंडेनवमीला आईने विळी, कात्री आणि रिव्हॉल्व्हर एका पाटावर मांडलं. हळदकुंकवाची चिमूट नळीकडे निघाली तेव्हा अण्णा जे ओरडले, ते ऐकून पलीकडून वहिनींनी विचारलं, "काय झालं हो? तिजोरी पडली का?"

2024 मध्ये मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा. आचारसंहितेत सरसकट सगळ्यांची शस्त्रं घेत नाहीत, छाननी करून ठरवतात. आमचं नाव निघालं. रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं, पावती घेतली आणि त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो. तिजोरीतली जागा आठवड्याभरात भरली: वहिनींच्या पाटल्या होत्याच, वर सोसायटीच्या गणपतीचा चांदीचा मुकुट आणि खजिनदारांचं एक सीलबंद पाकीट, ज्याबद्दल काकांना सांगायचं नाही असं ठरलंय.

निकाल लागले. हत्यार घेऊन जा, असा ठाण्यातून फोन आला. मी गेलो आणि जमेल तितक्या अजिजीने विचारलं, "आणखी थोडे दिवस इथेच राहिलं तर चालेल का?"

हवालदारांनी मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "साहेब, आमच्याकडेही जागा नाही."