फणसाडच्या 'शांत पायवाटे'बद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या घरी मुक्कामाला राहून फणसाड अभयारण्यात घालवलेली तुमची सकाळ मनासारखी झाली नाही, याचं खूप वाईट वाटलं. त्याबद्दल माफी मागते. तुम्ही 2 स्टार देऊन लिहिलंत की शांत पायवाट सांगून फसवलं, शेकरू सोडाच, साधा पक्षीही दिसला नाही, वाटाड्याने दोन तासांत परत फिरवलं आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. जेवण आवडल्याचंही लिहिलंत, त्याबद्दल आभार.

पण वेळेचं बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आदल्या रात्री जेवायला वाढताना मी सांगितलं होतं, व्हॉट्सॲपवर मेसेजही आहे, की सकाळी 6 ला निघायचं, म्हणजे उजाडताना सुपेगावच्या गेटवर पोचतो. पावणेसहाला चहा तयार होता. वाटाड्या मुलगा अंधारातच अंगणात येऊन बसला होता. तुम्ही सगळे निघालात साडेनऊला. सुट्टीत झोप होते, मुलं बरोबर असली की उशीर होतो, हे मलाही कळतं. मी दोनदा दार वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवायचा धीर झाला नाही.

शेकरू सकाळच्या कोवळ्या उन्हात खायला फिरतं आणि मग ऊन कललं की पुन्हा. मधल्या वेळात ते उंच फांदीवर पोट टेकून पडून राहतं, पाल्याआड असलं तर खाली उभ्या माणसाला दिसतच नाही. सांबर, भेकर उन्हं चढली की दाट रानात शिरतात, पक्षीही गप्प होतात. त्यात फेब्रुवारीत वाटेवर वाळका पाचोळा, पाऊल टाकलं की आवाज लांबवर जातो. आणि मुलांच्या हातात ब्लूटूथ स्पीकर होता, ताई. तो बंद करा म्हणून वाटाड्याने दोनदा विनवलं. रिव्ह्यूत हे कुठेच नाही, त्याचंच जास्त लागलं.

परत का फिरवलं तेही सांगते. रानात बारमाही पाणी राहतं त्या जागांना इथे गाण म्हणतात. त्याने तुम्हाला चिखलगाणापर्यंत नेलं. तिथे पोचेपर्यंत तुमच्या बाटल्या संपल्या होत्या, धाकटी चपलांवर चालत होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं. आपल्याकडच्या दमट उन्हात लहान मूल पटकन गळतं. पुढे रेंज नाही, गाडी येत नाही. त्या मुलाने जबाबदारीने घेतलेला निर्णय आहे तो. परतताना त्याने गारंबीची वेल आणि तिच्या भल्यामोठ्या शेंगा दाखवल्या, त्या तुमच्याच फोटोत दिसतात.

पैशांचं म्हणाल, तर गेटवर प्रवेशाची, गाडीची, कॅमेऱ्याची पावती फाडतात ते पैसे वनखात्याचे. त्यातला रुपयाही आमच्याकडे येत नाही. वाटाड्याचे पैसे त्याच्या पूर्ण सकाळचे असतात आणि ते त्याच्याच हातात जातात. तुमची वाट बघत त्याने त्या दिवशी दुसरे पाहुणे सोडले.

फणसाड हे 1986 साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे. त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. ऐन, किंजळ, अंजनीची दाट झाडी आहे, त्यामुळे प्राणी हमखास दिसेल असं आम्ही कुणालाच सांगत नाही, तुम्हालाही सांगितलं नव्हतं. शांतता मिळेल असं सांगितलं होतं आणि ती मिळतेच, पण शनिवार-रविवारी काशीदच्या समुद्रकिनाऱ्यावर येणारी गर्दी थोडीफार इकडेही वळते. म्हणूनच बुकिंगच्या वेळी मी मंगळवार-बुधवार सुचवला होता. त्या दिवशी पहाटे गेलात तर वाटेवर बहुतेक वेळा तुमच्याशिवाय कुणी नसतं. अंगात मळकट रंगाचे कपडे, पायात बूट आणि माणशी दोन बाटल्या पाणी एवढं असलं की झालं.

तुमच्या सूचना लक्षात ठेवल्या आहेत. पहाटे उठवायचं काहीतरी बघतो आणि काय न्यायचं तेही आधीच नीट कळवू. बाथरूमच्या गरम पाण्याचं लिहिलंत, तेही करतोय.

स्टार तुम्हाला वाटतील तेवढे द्या. आमचं घर या चार खोल्यांवरच चालतं, आणि त्या मुलाचं बरंचसं या पायवाटेवर. तेवढं 'फसवलं' काढता आलं तर बघा. पुन्हा आलात तर पहाटे तोच तुम्हाला घेऊन जाईल, तो तयार आहे.