तंतुकणिका विषाणूपासून आलेली नाही

‘आपल्या पेशीतली तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हा मुळात एक विषाणू होता, तो पेशीत शिरला आणि तिथेच राहिला’ असा मजकूर फिरतो आहे. शिरून राहिल्याची गोष्ट खरी आहे. पण शिरला तो विषाणू नव्हे, जीवाणू. आणि हा फरक किरकोळ नाही.

जीवाणूच्या खुणा तंतुकणिकेत आजही दिसतात. तिला स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे. माणसात तो १६,५६९ बेस-जोड्यांचा, ३७ जनुकांचा. भोवती दोन पटले असतात, ती दुभंगून वाढते आणि तिचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे कण, जीवाणूंच्या वळणाचे आहेत. म्हणूनच जीवाणूंच्या रायबोसोमवर घाव घालणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविक बरेच दिवस दिले, तर रुग्णाच्या तंतुकणिकांनाही झळ बसते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकते.

विषाणूकडे रायबोसोम नसतोच. प्रथिनाच्या कवचात डीएनए किंवा आरएनए, काहींवर मेदाचे आवरण, एवढाच त्याचा संसार. तंतुकणिका बनवते ते एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा-इंधन, तेही तो यजमान पेशीचेच वापरतो. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड इथे शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात सापडलेला मिमिव्हायरस इतका मोठा की आधी तो जीवाणूच समजला गेला. २००३ मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले. रायबोसोम त्याच्याकडेही नाही.

पेशीकेंद्रक विषाणूपासून आले असावे, असे एक गृहीतक मात्र आहे. गोंधळ बहुधा तिथून झाला. ते केंद्रकाविषयी आहे, तंतुकणिकेविषयी नाही, आणि अजून सिद्धही झालेले नाही.